खोल समुद्रातील तांदळाएवढ्या कवचधारी प्राण्यांची जात कशी ओळखतात?
गण, म्हणजे अनेक जातींचा मोठा गट, ओळखण्यास शरीराची ठेवण पुरते; अँफिपॉड, आयसोपॉड आणि टॅनाइड हे या प्राण्यांतले तीन गण. अँफिपॉड बहुधा दोन्ही बाजूंनी चपटे असून त्यांचे कल्ले छातीच्या पायांच्या मुळाशी असतात. आयसोपॉड बहुधा वरून-खालून चपटे असतात आणि उदरावरील पानांसारख्या उपांगांनी श्वसन करतात, तर टॅनाइडांच्या चालण्याच्या पायांपुढील जोडीला चिमटे असतात.

खरे कष्ट जाती ठरवताना पडतात. सूक्ष्मदर्शकाखाली जबडे, स्पर्शिका आणि पाय बारीक सुईने सुटे करून प्रत्येक खंडावरील राठ केसांची संख्या व जागा रेखाटावी लागते, कारण दोन जातींतील फरक अनेकदा तेवढाच असतो. अनेक टॅनाइडांचे नर मादीहून इतके वेगळे दिसतात की जोडी जुळवण्यासाठी आता डीएनएचा आधार घेतात. तरीही, माझ्या मते, काटेकोर रेखाटनाशिवाय कोणतेही वर्णन अपुरेच राहते.