लँडिंग करताना विमान किती उंचीवर आहे हे पायलटला नक्की कसं कळतं?

दोन वेगळी मीटर असतात. पहिलं हवेच्या दाबावर चालतं, त्यात एटीसीने (एअर ट्रॅफिक कंट्रोल) दिलेलं त्या एअरपोर्टचं प्रेशर सेट करावं लागतं आणि तिथे एका हेक्टोपास्कलची (हवेचा दाब मोजायचं एकक) चूक झाली तरी उंची साधारण 27-28 फूट चुकते, म्हणून दोन्ही पायलट ते एकमेकांचं चेक करतात. दुसरं रेडिओ अल्टिमीटर, ते खाली जमिनीवर रेडिओ लहरी सोडून परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची काढतं, साधारण 2500 फुटांच्या खाली आलं की दाखवायला लागतं, आणि शेवटी कॉकपिटमध्ये फिफ्टी, फॉर्टी, थर्टी असा जो आवाज येतो तो ह्याच्यावरूनच.

पण मीटर आहे म्हणून निर्धास्त राहून चालत नाही हो. 2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सचं 737 उतरत होतं, डावं रेडिओ अल्टिमीटर हवेतच उणे 8 फूट दाखवायला लागलं, ऑटोथ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेला, वाटलं आता टेकतोयच आणि त्याने पॉवर कमी केली, स्पीड पडत गेला तो वेळेत कोणाच्या लक्षात आला नाही, विमान कोसळून 9 जण गेले. म्हणून उंचीसोबत स्पीड आणि थ्रस्टवर (इंजिनाच्या जोरावर) पण सतत नजर ठेवायची असते, आणि हे काम खास करून जो पायलट विमान उडवत नसतो त्याचं.