इंग्रजीच्या तासाला सिनेमा दाखवून मुलांना खरंच इंग्रजी येतं का?

तुम्ही लिहिलंय की गोव्यात फोंड्याकडच्या हायस्कुलात नुकत्याच इंग्रजी शिकवायला लागलात, वर्गात प्रोजेक्टर आहे, नववी-दहावीला सिनेमातून शिकवावंसं वाटतं, पण स्टाफरूममध्ये सगळे ‘टाइमपास’ म्हणतात. याने इंग्रजी येतं का आणि पोर्शनचं काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे. इंग्रजी येतं. पोर्शनचं पुढे सांगते. आधी त्या ‘टाइमपास’बद्दल बोलते, कारण माझ्या सर्व्हिस फाइलमध्ये एक मेमो आहे आणि त्यात ‘शिकवण्याच्या वेळेत करमणूक’ असे शब्द आहेत.

मी गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात सव्वीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आमच्याकडचं खेड्यातलं मूल चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी शाळेत असतं आणि पाचवीला एकदम इंग्रजीत जाऊन पडतं. इतिहास इंग्रजीत, गणित इंग्रजीत, विज्ञानही इंग्रजीत. मीही अशीच पडले होते. त्यातून मुलं पाठांतराने वाट काढतात. दहावीपर्यंत निबंध येतो, अर्ज येतो, ‘चेंज द व्हॉइस’ येतं, फक्त तोंड उघडत नाही. तुमच्या वर्गातही अशी निम्मी मुलं असतील.

२०१४ च्या जुलैत मी दहावीला मोडल्स शिकवत होते. मस्ट, मे, माइट, कुड. फळ्यावर तक्ता काढला, मुलांनी उतरवून घेतला, आणि ‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. मग मी ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लावायचं ठरवलं. १९५७ चा, कृष्णधवल, ९६ मिनिटांचा, आणि जवळजवळ सगळा एकाच खोलीत. एका मुलावर बापाच्या खुनाचा आरोप आहे, बारा ज्युरींना निकाल द्यायचाय, आणि पहिल्या मतदानात अकरा जण एकीकडे, एकटा एकीकडे. गाणी नाहीत, मारामारी नाही, मुलं झोपतील असं मला सांगण्यात आलं. पण त्या सिनेमातलं अख्खं भांडणच ‘मस्ट हॅव’ आणि ‘कुड हॅव’ यांचं आहे. त्यानेच केलं असणार, की दुसऱ्या कोणी केलं असू शकेल? व्याकरणाच्या एवढ्याशा फरकावर एका पोराचा जीव टांगलेला. हे तक्त्याने कसं कळणार?

कॉम्प्युटर लॅबच्या खिडक्यांना निळी ताडपत्री लावली होती. बाहेर पाऊस कोसळत होता. सुरा अगदी वेगळा आहे, दुसरीकडे मिळणार नाही, असं सगळे ठासून सांगत असतात, तेव्हा तो एकटा ज्युरर खिशातून हुबेहूब तसाच सुरा काढतो आणि टेबलात रोवतो. नेमकी तेव्हा लाइट गेली.

काळोख. दोन सेकंद कोणीच बोललं नाही. मग एकदम कल्ला झाला. कोणीतरी कोकणीत ओरडलं, “टीचर, तो फट मारता!” म्हणजे खोटं बोलतोय. मी म्हटलं, बोला, पण इंग्रजीत बोला. मागच्या बाकावर एक मुलगा होता, वडील कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत कामाला. जूनपासून ‘येस टीचर’च्या पुढे त्याचा शब्द मी ऐकला नव्हता. तो उभा राहिला. “टीचर, सम अदर बॉय...” मग बराच वेळ काहीच नाही. पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. “...कुड हॅव बॉट सेम नाइफ.”

‘द’ राहिला होता. मी दुरुस्त केला नाही. पुढच्या बाकावरची मुलगी ताडकन उठली, “बट ही मस्ट हॅव...” आणि वर्ग दोन तट पडून भांडायला लागला. मोडलं, तोडकं, पण स्वतःचं इंग्रजी. दहा-बारा मिनिटं मी एक शब्द बोलले नाही.

आणि दारात आमचे हेडमास्तर. अंधार, चाळीस मुलं एकाच वेळी बोलतायत, मी फळ्यापाशी नाही. मुलांच्या देखत म्हणाले, “सिनेमा बघायचा असेल तर पणजीला आयनॉक्स आहे.” तो मुलगा खाली बसला. दुसऱ्या दिवशी मेमो आला.

२००४ पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो. दर नोव्हेंबरात जगभरचे लोक सिनेमावर बोलायला पणजीत येतात, त्याचा आपल्याला अभिमान असतो, आणि इथल्याच शाळेत सिनेमा म्हणजे करमणूक ठरते. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. धडा वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं आणि दृश्य थांबवून बोलायला लावणं म्हणजे करमणूक, हे ठरवलं कोणी?

आता तुमच्या कामाचं. सिनेमा सलग दाखवलात तर तो खरोखरच टाइमपास आहे, तिथे स्टाफरूमवाले बरोबर आहेत. लाइट गेली म्हणून मला कळलं की शिकवणं होतं ते सिनेमा थांबल्यावर. म्हणून पुढे मी मुद्दाम थांबवायला लागले. तीन-चार मिनिटांचा तुकडा घ्यायचा. आधी आवाज बंद ठेवून दाखवायचा, माणसं काय बोलत असतील ते मुलांना बोलायला लावायचं, मग आवाज सुरू करायचा. सबटायटल्स इंग्रजीच ठेवा. हिंदी लावलीत तर कान बंद होतात. व्हीएलसी प्लेयरमध्ये वेग थोडा कमी करता येतो, पाचवी-सहावीला त्याचा फार उपयोग होतो. आणि सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. जे क्रियापद शिकवायचं ते पुसून तिथे रेघ टाका आणि सेव्ह करा. पडद्यावर गाळलेल्या जागा येतात आणि मुलं त्या कान देऊन भरतात. वर्कबुकातल्या गाळलेल्या जागांना असा कान कोणी देत नाही.

पोर्शन बुडत नाही, पण त्यासाठी सिनेमा धड्याला किंवा व्याकरणाला बांधलेला हवा. मी महिन्यातून दोन तास घेत असे, दहावीला दिवाळीनंतर एकही नाही. लेखी परीक्षेची तयारी वेगळी करावीच लागते, बोलणारं मूल आपोआप चांगलं लिहील असं समजू नका. त्या मुलाला इंग्रजीत काही डोळे दिपवणारे मार्क पडले नाहीत. तो पास झाला. पण त्या दिवसानंतर वर्गात हात वर करायचा.

फोनवरचा गृहपाठ देणार असाल तर अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस नोटपुरता द्या, घरात एकच फोन असतो आणि तो बापाबरोबर कामावर जातो. सिनेमा आधी स्वतः पूर्ण बघा. कॉपीराइटची भीती कोणी घातली तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ दाखवा. प्रेक्षक शाळेतले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढेच असतील तर शाळेच्या कामासाठी सिनेमा दाखवायला मुभा आहे. चोरीची कॉपी मात्र वापरू नका.

आणि पहिल्याच तासाला तुमच्या हेडमास्तरांना बोलवा, मागच्या बाकावर बसवा. मी आमच्या सरांना “पाच मिनिटं आत येऊन ऐका” एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दारातच पोर्शनचा हिशेब देत राहिले, आणि तोवर लाइट आली.