गोल्फच्या राउंडला चार-पाच बॉल हरवत असतील तर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की खेळायला लागून सहा महिने झाले, हँडिकॅप (ठरलेल्यापेक्षा साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा) अठ्ठावीसच्या आसपास आहे, राउंडला चार-पाच बॉल जातात, आणि ग्रुपमधले सगळे 'टायटलिस्टचा महागडा प्रो व्ही वनच घे, फरक कळेल' म्हणून मागे लागलेत. फरक आहे, खोटं नाही. पण कुठे आणि कुणाला, ते सांगायचं राहिलं.

अमेरिकेत प्रो व्ही वनचा डझन ५५ डॉलरच्या आसपास जातो. कॅलवेचा सुपरसॉफ्ट किंवा स्रिक्सनचा सॉफ्ट फील साधारण त्याच्या निम्म्यात येतो. आपल्याकडे आकडे बदलतात, प्रमाण तेच. दोन्ही प्रकारचे बॉल एकाच नियमात बसवलेले आहेत: वजन ४५.९३ ग्रॅमच्या वर नाही, व्यास ४२.६७ मिलिमीटरच्या खाली नाही, वेगावर आणि अंतरावरही मर्यादा. त्यामुळे महागडा बॉल ड्रायव्हरने पन्नास यार्ड पुढे जाईल ही आशा सोडा.

खरा फरक आवरणात आहे. स्वस्त बॉल बहुतेक टू-पीस असतो, म्हणजे आत रबराचा गाभा आणि बाहेर सर्लिनच्या जातीचं टणक आवरण. महागड्यावर युरेथेनचं मऊ आवरण असतं. वेजच्या (जवळच्या फटक्यांच्या क्लबच्या) खाचा त्याला चावतात, म्हणून ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ) तो जास्त स्पिन घेतो आणि लवकर थांबतो. ज्याचा चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, दहापैकी आठ वेळा नीट लागतो त्याला हे सोनं आहे. आपण निम्मे चिप जमिनीत आणि उरलेले डोक्यावर मारतो, तिथे स्पिन काय करणार?

टणक आवरणाचा फायदा मला एका जुन्या मेंबरांमुळे कळला. त्यांच्या काळी चांगला बॉल म्हणजे आत रबराची दोरी गुंडाळलेला, वर बलाटाचं, म्हणजे मऊ रबरासारखं, आवरण. क्लबचं पातं जरा वर लागलं की आवरण चिरून बॉलला हसरं तोंड फुटायचं आणि तो गेला कामातून. आजचा टू-पीस तुमचे-माझे सगळे अत्याचार निमूट सोसतो.

'सॉफ्ट' या शब्दावर मात्र भाळू नका. दुकानात सांगतात, स्विंग हळू असेल तर कमी कॉम्प्रेशनचा, म्हणजे सहज दबणारा, घ्या, लांब जाईल. माझं मत: मऊ बॉल हाताला छान वाटतो, पटरवर (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) आवाज गोड येतो, पण लांबी त्यातून येत नाही. आवडला तर जरूर घ्या, फक्त यार्डांच्या आशेवर नको. स्लाइसचंही, म्हणजे बाजूला वळत जाणाऱ्या फटक्याचंही, तसंच. कमी स्पिनच्या बॉलने वळण थोडं आवरतं, पण स्लाइस जायचा असेल तर कोचकडेच जावं लागेल.

मी निवड उलट्या टोकाने करतो. दोन-तीन मॉडेलची एकेक स्लीव्ह (छोटी डबी) आणा, टीवर नको, थेट प्रॅक्टिस ग्रीनवर जा. तीस पावलांवरून प्रत्येकाचे दहा-दहा चिप मारा, पडल्यावर किती घरंगळतो ते बघा, मग लांबचे पट (पटरचे फटके) मारा. ज्याचं घरंगळणं तुम्हाला आधीच ओळखता येतं तो तुमचा. आणि मग वर्षभर तोच. आज सापडलेला एक, उद्या कुणी दिलेला दुसरा, असं चाललं तर पट आखूड पडला तो हातामुळे की बॉलमुळे, कधीच समजणार नाही.

किमतीची माझी कसोटी पाण्याच्या होलवर असते. तिथे नवा बॉल खिशात टाकून जुनाट काढावासा वाटला, तर तो नवा बॉल तुम्हाला महाग आहे. मनाने तो आधीच तळ्यात टाकलेला असतो आणि स्विंगही तसाच येतो.

कॅडी किंवा कोर्सबाहेरची पोरं सापडलेले बॉल विकतात, तेही चालतात. चकाकी टिकलेली आणि ओरखडा नसलेले निवडून घ्या. पुन्हा रंगवलेले मात्र नको. रंगाखाली काय दडलंय दिसत नाही, आणि डिंपल (बॉलवरचे खळगे) रंगाने भरले की उडणं बिघडतं. डिंपलमुळेच तर बॉल हवेत तरतो.

रंग पिवळा घ्या, निदान पावसाळ्यात. रफ (कडेचं उंच गवत) वाढलं की पांढरा बॉल दहा पावलांवर असून दिसत नाही, आणि २०१९ पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. मार्करने स्वतःची खूणही करा. परवाच आमच्या चौघांच्या फोरसममध्ये तिघांकडे एकाच कंपनीचा, दोन आकडा छापलेला बॉल होता आणि रफमध्ये एकच सापडला. अजून वाद मिटलेला नाही.

राउंडला एक-दोनच बॉल जायला लागले की पुन्हा विचारा, तेव्हा युरेथेनचं बोलू.