ती विंडो उघडली कुणी?

नागपूर, रविवार, रात्रीचे साडेअकरा

बेटा,

दुपारी तू निघालास तेव्हा तुझा चेहरा उतरला होता, हे तुझ्या काकूंनी सांगितलं म्हणून कळलं. माझं डोकं तुझ्या वहीत होतं. आवाज चढवला हे खरं. काऊन चढवला ते सांगायला बसलोय, माफीबिफी मागायला नाही. अधिवेशनाच्या बंदोबस्तातून बर्डीला वळसा घालून आलास, आणि काकूंनी दिलेल्या तर्री पोह्यांना हातही न लावता लॅपटॉप उघडलास. त्यावरूनच समजलो की पोरगं हैराण आहे.

शेअर बाजारात आपोआप ट्रेड घेणारं तुझं ते सॉफ्टवेअर, त्याच्याबद्दल तुझा प्रश्न होता, "काका, ही लॉगिनची विंडो मधेच येऊन राहिली, कायमची बंद कशी करू?" आणि मग अर्धा तास तू मला तुझी ऑटोहॉटकीची, म्हणजे मशीनवर कामं आपोआप करवून घेणारी, स्क्रिप्ट दाखवलीस. टायटलमध्ये 'लॉगिन' दिसलं की विंडो खलास. नऊ ओळी. स्वच्छ लिहिल्या आहेत, हात चांगला आहे तुझा. पण बेटा, ती विंडो आहे, डास नाही. डास दिसला की टाळी मारावी. विंडो दिसली की आधी विचारावं, बाई, तुला पाठवलं कुणी?

एवढं एकच सांगायचंय मला. विंडो बंद करायच्या आधी ती उघडली कुणी ते विचार. पत्रात हे दहादा येईल. कंटाळा आला तर चहा घे आणि पुढे वाच.

विंडो कधी येते ते टिपलेली तुझी वही अजून माझ्यापुढे आहे. सप्टेंबरचं पान: ९:३०, ९:३०, ९:३०. ऑक्टोबरचं पान: तेच. ३ नोव्हेंबरपासून १०:३०, १०:३०, १०:३०. आणि खाली तुझ्याच अक्षरात, लाल पेनाने: 'टाइम फिक्स नाही. रॅन्डम आहे.' रॅन्डम? दोन महिने मिनिटाला धरून येणारी आणि मग बरोबर एक तास सरकून पुन्हा मिनिटाला धरून येणारी गोष्ट रॅन्डम? आपली शहर बस अशी रॅन्डम असती तर नागपूरकरांनी तिची आरती केली असती.

आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. मग एका तासाने हलणारं घड्याळ कुणाचं? अमेरिकेचं. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात. यंदा, २०२५ मध्ये, तो रविवार २ तारखेला होता. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. आता कर वजाबाकी. आपले सकाळचे ९:३० म्हणजे तिकडचे रात्रीचे बारा. नोव्हेंबरनंतरचे आपले १०:३० म्हणजेही तिकडचे बाराच. ती विंडो एका मिनिटानेसुद्धा हललेली नाही. बारा तिकडे वाजतात आणि वाजवले जातात तुझे, इकडे.

ज्यावर सॉफ्टवेअर चालतं तो तुझा भाड्याचा सर्व्हर, म्हणजे दूरचं मशीन, न्यू जर्सीत आहे. स्वस्त पडला म्हणून घेतलास आणि घड्याळ होतं तसंच ठेवलंस.

यापुढचं सांगणार नव्हतो. तूच शोधावंस असं वाटत होतं, म्हणून दुपारी गप्प बसलो. आता गप्प बसवेना. सांगूनच टाकतो. सर्व्हर घेतलास त्या शनिवारच्या पानावर दोन ओळी आहेत. एक: 'सॉफ्टवेअरचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला.' दोन: 'रोज रात्री १२ ला फ्रेश सुरू व्हावं म्हणून टास्क शेड्युलरमध्ये टास्क टाकला.' रात्रीचे बारा तुझ्या मनात नागपूरचे होते. मशीनने तिच्या घड्याळाचे धरले.

म्हणजे सॉफ्टवेअरची एक कॉपी स्टार्टअपमधून, मशीन सुरू होताच आपोआप, उठून दिवसरात्र चालू आहे. पावणेनऊला तू तिच्यात लॉगिन करतोस, सव्वानऊला बाजार उघडतो, ती कामाला लागते. आणि तिकडचे बारा वाजले की टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्रॅम सुरू करणारा, दुसरी कॉपी उठवतो. ती बिचारी नवीन, तिला पहिलीचं सेशन, म्हणजे चालू असलेलं लॉगिन, माहीत नाही, ती लॉगिन मागते. तू म्हणशील, टास्कमध्ये तर 'आधीच चालू असेल तर नवीन सुरू करू नये' असं निवडलेलं आहे. आहे नं. पण तो नियम त्या टास्कने स्वतः सुरू केलेल्या कॉपीपुरता. स्टार्टअपमधून उठलेली कॉपी त्याच्या खातेवहीतच नाही.

तेव्हा ती विंडो तूच उघडलीस, बाप्पा. आणि तिला मारायला नऊ ओळी लिहिल्यास.

आता मंगळवारचं. वहीत तू तो वेगळा आजार म्हणून लिहिलास: 'सकाळी लॉगिन आलंच नाही.' निफ्टीची एक्स्पायरी, म्हणजे सौद्यांची मुदत संपायचा दिवस, आणि त्याच दिवशी सॉफ्टवेअर मुकं. ब्रोकरला तक्रार केलीस, सर्व्हर रीस्टार्ट केलास, मग आलं. अरे, स्क्रिप्ट सोमवारी रात्री बसवलीस नं? सकाळच्या खऱ्या लॉगिन विंडोचं टायटलही 'लॉगिन'च आहे. तुझ्या पहारेकऱ्याने घरमालकालाच दारातून हाकललं. रीस्टार्टनंतर आलं, कारण स्क्रिप्ट पुन्हा चालू करायची राहून गेली होती. त्या दिवशी पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, नव्हती, हे नशीब.

पण माझा आवाज चढला तो या दोन्हींवर नाही. निघता निघता तू म्हणालास, "नाहीतर टीओटीपीची सीक्रेट की फाइलमध्ये ठेवतो, विंडो आली की आपोआप भरली जाईल, कटकटच नको." तिथे माझं डोकं सटकलं. लॉगिनचा दर वेळचा नवा कोड त्या कीवरूनच बनतो; कुलपाची किल्ली कुलपालाच टांगायची, हे तर झालंच. पण त्या दुसऱ्या कॉपीला लॉगिन मिळालं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केलास? तुझा ब्रोकर एका खात्याला एकच सेशन देतो. दुसरी आत आली की पहिली बाहेर. आणि तोटा ठरल्यापेक्षा वाढला की सौदा मोडणारा तुझा स्टॉपलॉस कुठे आहे? एक्स्चेंजकडे ऑर्डर म्हणून टाकलेला नाही, पहिल्या कॉपीच्या पोटात आहे. ती बाहेर पडली की पोझिशन खात्यात तशीच उघडी आणि राखणदार गायब. नवी कॉपी स्वतःची यादी पाहते, ती रिकामी. तिच्या मते हातात काहीच नाही, म्हणून ती पुन्हा एंट्री घेते. दुप्पट माल, अर्ध्याला वाली नाही. इतके महिने तू कंटाळून ती विंडो फुलीवर क्लिक करून बंद करत होतास म्हणून वाचलास. आळसाने वाचलास, अकलेने नाही.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

२००७-०८ मध्ये मी बर्डीवर एका सब-ब्रोकरकडे डीलर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डरी टाकणारा, होतो. जिन्यावरचं ऑफिस, मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर क्लायंट, उन्हाळ्यात कूलरचा एवढा आवाज की भाव ओरडून सांगावे लागायचे. एनसीएफएमची, म्हणजे एनएसईच्या सर्टिफिकेटची, परीक्षा पास झालेला मी, ट्रेडिंग टर्मिनलचा आयडी माझ्या नावावर. दिवसातून दोन-तीनदा स्क्रीनवर विंडो यायची: सेशन संपलं, पुन्हा लॉगिन करा. मी फोन खांद्यात धरून, न बघता पासवर्ड टाइप करायचो. चार सेकंद. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. नवीन पोरांना करून दाखवायचो.

आठ महिने. आठ महिन्यांत एकदाही विचारलं नाही की माझं सेशन संपवतं कोण.

२१ जानेवारी २००८ ला सेन्सेक्स १४०८ अंकांनी पडला. २२ ला बाजार उघडताच लोअर सर्किट, म्हणजे घसरणीची मर्यादा गाठली, तासभर ट्रेडिंग बंद. पुन्हा सुरू झाल्यावर मागच्या खुर्च्यांवर माणसं उभीच होती, कुणी बसलं नाही. आणि माझ्या स्क्रीनवर ती विंडो दहा मिनिटांत चार वेळा आली. मी चारही वेळा पासवर्ड टाकला. चार चोक सोळा सेकंद.

संध्याकाळी कळलं, इतवारीतल्या एका निवृत्त गुरुजींचे शेअर्स विकले गेलेत, त्या दिवसाच्या जवळजवळ तळाच्या भावाला. त्यांनी सांगितलंच नव्हतं. आतल्या केबिनमध्ये साहेबांचा भाचा माझ्याच आयडीने बसायचा आणि घाईत त्याने क्लायंट कोड चुकीचा मारला होता. तो आत आला की मी बाहेर, मी आत गेलो की तो बाहेर. ती विंडो म्हणजे आमची ही खो-खो होती. रेकॉर्डवर आयडी माझा. साहेबांनी एवढंच विचारलं, "आयडी कुणाचा?"

गुरुजी चौथ्या दिवशी घरी आले. ओरडले नाहीत. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही विकले का?" मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, "मग कुणी?"

भाच्याचं तोवर कळलं होतं मला. पण नाव घेतलं नाही. नोकरी जाईल म्हणून. मार्चमध्ये ती तशीही गेली.

तुझ्या काकू आजही म्हणतात, तुम्ही तेव्हाच बोलायला हवं होतं. काय बोलणार होतो? दोन पोरं शाळेत, घराचा हप्ता, आणि आयडी वाटून वापरायची पद्धत एकट्या आमच्या ऑफिसातली नव्हती. आयडीवाला मी, सर्टिफिकेटवाला मी, आणि भाचा नुसता नात्याचा. चूक माझी नव्हती असं मी आजही म्हणतो आणि म्हणत राहीन. फक्त आठव्या महिन्याऐवजी आठव्या दिवशी त्या विंडोला विचारलं असतं, तर गुरुजींना माझ्या घरी यावं लागलं नसतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. जाऊ दे. विषय तुझा आहे.

तुला वाटेल, काका जुन्या टर्मिनलच्या गोष्टी सांगून राहिला. मग नवीन घे. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही ट्रेडिंग कंपनी. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एक राहून गेला, त्यावर जुना, निवृत्त केलेला कोड तसाच पडून. त्या सकाळी बाजार उघडायच्या आधी त्यांच्या सिस्टिमने आपल्याच लोकांना ९७ ई-मेल पाठवल्या, त्यात त्या जुन्या कोडचं नाव होतं. कुणी विचारलं नाही की या मेल पाठवतंय कोण. बाजार उघडला आणि ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. तुझ्याकडे विंडो येते, त्यांच्याकडे मेल आल्या. तुझ्यापेक्षा हुशार माणसं होती ती, आणि तुझ्यासारखीच कामात होती.

एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत, किती टक्के बुडतात ते सेबीच्या अहवालात तू वाचलं आहेस, मी उगाळत नाही. सॉफ्टवेअर सोडू का, असंही विचारलंस. त्याचं उत्तर आज देणार नाही. स्वतःच्या मशीनवर कोण काय उघडतंय हे माहीत नसलेल्या माणसाने ते सोडायचं की धरायचं हे कशाच्या जोरावर ठरवायचं?

उद्या सोमवार. स्क्रिप्ट बंद ठेव. पावणेनऊला नेहमीसारखं लॉगिन कर, पण उद्या एकही ट्रेड घेऊ देऊ नको. सर्व्हरवर प्रोसेस एक्सप्लोरर उतरवून ठेव, कोणता प्रोग्रॅम कुणी सुरू केला ते ते दाखवतं; मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट. १०:३० ला विंडो आली की तिला हात लावू नको. फुली नाही, एस्केप नाही, काही नाही. प्रोसेस एक्सप्लोररच्या टूलबारवर नेमासारखं गोल चिन्ह आहे, ते माउसने धरून ओढ आणि विंडोवर नेऊन सोड. यादीत ज्या प्रोसेसवर पट्टा येईल, ती हिची. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पेरेंट', म्हणजे तिला सुरू करणारा, वाच, सुरू झाल्याची वेळ वाच. मग दुसऱ्या कॉपीचंही तेच वाच. माझ्या अंदाजाने एकीचा पेरेंट विंडोजचा एक्सप्लोरर निघेल, म्हणजे स्टार्टअपवाली; दुसरीचा एसव्हीसीहोस्ट, म्हणजे शेड्युलरवाली. एकाच नावाची दोन लेकरं, बाप वेगळे.

हे वहीत लिहिल्याशिवाय टास्क पुसायचा नाही आणि घड्याळही बदलायचं नाही. मला माहीत आहे, हे वाचतानाच तुझे हात शिवशिवत असतील. आधी दुरुस्त केलंस तर विंडो जाईल, आणि ती का गेली, हे तुला जन्मात कळणार नाही. पाहा, लिही, मग पुस. स्टॉपलॉस एक्स्चेंजवर टाकायचं काम मात्र याच आठवड्यात कर, त्याला माझ्या परवानगीची गरज नाही.

साडेदहा ते अकरा मी बँकेत आहे, त्यानंतर फोन कर. वही घ्यायला संध्याकाळी ये, तुझा चार्जरही इथेच राहिलाय. पेरेंटच्या जागी तिसरंच काही निघालं तर मी चुकलो असं कबूल करीन. पण आधी स्क्रीनचा फोटो पाठव.

तुझा,
काका