लोखंडी वेलबुट्टी की लोखंडी तणावे?

प्रश्न असा आहे : ब्रुसेल्सच्या 'ओतेल तासेल' या घरातल्या जिन्याबद्दल लिहिताना तिथल्या लोखंडी कामाला 'वेलबुट्टी' म्हटलं तर चालेल का?

मी म्हणणार नाही. बुट्टी म्हटली की सुटं, छोटं फूल आलं आणि तेच तेच पुन्हा येणं आलं. लुगड्याच्या काठाला ते शोभतं. वास्तुकार व्हिक्टर होर्ताने १८९३ साली आखलेल्या या घरात फुलं शोधावीच लागतात. त्याने घेतला तो देठ. बारीक लोखंडी खांब वर जातात, माथ्यापाशी त्यांना फाटे फुटतात, आणि तीच रेघ पुढे कठड्यात, भिंतीवरच्या रंगकामात, खाली फरशीच्या मोझेकमध्ये फिरत राहते.

'नागमोडी'ही नको. ते घाटरस्त्याला ठीक, त्यात वेग नाही. ही रेघ बराच वेळ सैल वाहते आणि टोकाला एकदम उलटी फिरते. फ्रेंचमध्ये तिला चाबकाच्या फटक्याचंच नाव आहे. जर्मनीत हर्मान ओब्रिस्ट या कलाकाराच्या सायक्लामेन या फुलझाडाच्या भरतकामातही तेव्हाच्या एका समीक्षकाला चाबूकच दिसला होता. आपल्याला भाषांतर करत बसायची गरज नाही, 'कुंचल्याचा फटकारा' आपण म्हणतोच. रेघेसाठी तोच घ्यावा.

पण फटकारा ही हाताची क्रिया झाली. खांबातून फुटलेल्या त्या लोखंडाला काय म्हणायचं? माझं मत 'तणावा'. काकडी किंवा कारल्याचा वेल मांडवावर चढतो तो ज्या दोऱ्यासारख्या अवयवाने आधार पकडतो, तो तणावा. पाठ्यपुस्तकात त्यालाच 'प्रतान' म्हणतात. त्यातला संस्कृत क्रियाधातू 'तन्', म्हणजे ताणणे. इथलं लोखंडही नुसतं शोभेचं नाही. खांब भार पेलतात, आणि राहत्या घरात ते असं उघडं ठेवणं तेव्हा नवलाचंच होतं.

जाता जाता : 'ओतेल' वाचून हॉटेल लिहू नका. हे एमिल तासेल या प्राध्यापकाचं शहरातलं घर. 'हवेली' चालेल. मला 'वाडा' जास्त आवडतो, कारण चौकातून यावा तसा इथेही उजेड घराच्या मधोमध उतरतो, फक्त काचेच्या छतातून.

तेव्हा वाक्य असं करता येईल : 'खांबांच्या माथ्यावरून लोखंडी तणावे सुटतात आणि त्यांचेच फटकारे भिंतीवर नि फरशीवर उमटतात.'