'प्रक्रिया' आणि 'अभिक्रिया'

एका वाचकाचा प्रश्न आहे : "मुलीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात शीर्षक 'हेबर प्रक्रिया' आणि खाली लगेच 'या अभिक्रियेत…' असं आहे. दोन्ही शब्द एकच का? की कारखान्यात उत्प्रेरक वापरून होते ती प्रक्रिया आणि एरवीची अभिक्रिया?"

शब्द एक नाहीत, पण फरक तसाही नाही. आधी या शब्दांना काय जोडलं जातं ते बघा. सोडियमची पाण्याशी अभिक्रिया होते. सांडपाण्यावर प्रक्रिया करतात. अभिक्रिया 'होते', 'घडते', आणि तिला 'शी' लागतो, कारण दोन पदार्थ एकमेकांना सामोरे येतात. 'अभिमुख'मधला 'अभि' तो हाच. प्रक्रिया मात्र कुणीतरी करतं, चालवतं, राबवतं. फळप्रक्रिया उद्योगात फळं धुणं, कापणं, रस काढणं, डबाबंद करणं हे सगळं आलं. संस्कृत व्याकरणातही धातूला प्रत्यय लावून, एकेक सूत्र लागू करत शब्द सिद्ध करण्याच्या रीतीला प्रक्रियाच म्हणतात. पायऱ्यांचा क्रम हा या शब्दाचा गाभा आहे.

आता पुस्तकातलं उदाहरण. (जर्मन उच्चार 'हाबर', आपल्याकडे 'हेबर' रुळलंय.) नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन, त्यांपासून अमोनियाचे दोन : ही अभिक्रिया, एका ओळीत मावणारी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ती ऑस्मियम हा धातू उत्प्रेरक (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून वापरून प्रयोगशाळेच्या टेबलावर घडवून दाखवली. तिची प्रक्रिया व्हायला आणखी चार वर्षं गेली. ऑस्मियम फार दुर्मीळ; रसायनज्ञ आल्विन मिटाश यांनी हजारो चाचण्या करून लोखंडात थोडी भर घालून चालणारा उत्प्रेरक शोधला. तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घ्यायचा आणि नळ्या फुटायच्या. अभियंते कार्ल बॉश यांनी आतून मऊ लोखंडाचं अस्तर बसवलं. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनियाचा कारखाना सुरू झाला. तापमान ४०० ते ५०० अंश सेल्सिअस, दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या दोनशे पटींच्या आसपास, आणि तरीही एका फेरीत साधारण १५ टक्केच वायूचं रूपांतर. म्हणून अमोनिया थंड करून द्रवरूपात वेगळा काढायचा आणि उरलेला वायू परत फिरवायचा. हे सगळं मिळून प्रक्रिया. आपल्याकडे अलिबागजवळ थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो तोही याच मार्गाने.

म्हणजे प्रक्रियेच्या पोटात अभिक्रिया असते, कधी एक, कधी अनेक. उत्प्रेरकाचा या भेदाशी संबंध नाही. औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची फोड टाकून बघा. बाटलीत महिनोन्‌महिने हळूहळू होणारं विघटन डोळ्यांदेखत फेसाळून येतं, कारण बटाट्यातलं विकर (एन्झाइम) उत्प्रेरकाचं काम करतं. ही उत्प्रेरित अभिक्रिया झाली. प्रक्रिया इथे कुठेच नाही. आणि उत्प्रेरकामुळे अभिक्रिया वेगळ्या जातीची होत नाही. तेच पदार्थ, तेच उत्पादित, समतोलही तोच. फक्त तिथे लवकर पोहोचता येतं.

वर्तमानपत्रांत 'रासायनिक प्रक्रिया होऊन स्फोट' असं छापून येतं ते मला खटकतं. तिथे अभिक्रिया हवी. मराठी विश्वकोशात याच अर्थी 'विक्रिया' आहे, आणि तो शब्द मला मनापासून आवडतो : विकार म्हणजे बदल, पदार्थाचं रूपच पालटणं. पण शाळेतली मुलं 'अभिक्रिया' शिकतात, तेव्हा त्यांच्याशी बोलताना तोच वापरावा.

मुलीच्या वहीत आणखी एक वाक्य तपासा : 'उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही.' पिढ्यान्‌पिढ्या घोकलेली ही व्याख्या चुकीची आहे. नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागाला चिकटतो, तिथेच त्याचे दोन अणू सुटे होतात, आणि मग त्यांना एकेक करून हायड्रोजन जोडला जातो. पृष्ठभागावरच्या अशा घडामोडी उलगडण्यासाठी गेरहार्ड एर्टल यांना २००७ चं नोबेल मिळालं. उत्प्रेरक भाग घेतो, पण शेवटी खर्ची पडत नाही. वहीत 'भाग घेत नाही' खोडून 'खर्ची पडत नाही' लिहायला सांगा.