एकच कोड, अनेक यंत्रणा: निवडीआधी काही सूचना

रत्नागिरीतल्या आंबा बागायतदारांसाठी पेट्यांचा हिशेब ठेवणारे अॅप एकाच कोडमधून विंडोज, लिनक्स आणि ब्राउझर अशा तिन्ही ठिकाणी चालवण्याचा तुमचा विचार योग्य आहे; मात्र साधन निवडण्यापूर्वी ते ज्या संगणकांवर चालणार आहे, ते स्वतः पाहून या. २०१३ साली गिटहबमध्ये अॅटम शेल या नावाने सुरू झालेले इलेक्ट्रॉन हे वेब तंत्रज्ञानातून डेस्कटॉप अॅप बनवण्याचे साधन प्रत्येक अॅपसोबत संपूर्ण क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) बांधून देते, त्यामुळे पडदा सगळीकडे सारखा दिसतो, पण साध्या हिशेबवहीचा आकारही शंभर एमबीच्या घरात जातो आणि जुना संगणक धापा टाकू लागतो. टाउरी हे दुसरे साधन मात्र संगणकाच्या ऑपरेटिंग यंत्रणेतलेच वेब इंजिन (वेब पाने दाखवणारा भाग), म्हणजे विंडोजवर वेबव्ह्यू-२ आणि लिनक्सवर वेबकिट-जीटीके, वापरून हे ओझे टाळते. त्याबदल्यात प्रत्येक यंत्रणेवर स्वतंत्र चाचणी घ्यावी लागते आणि थोडी रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषाही शिकावी लागते. एचटीएमएल येत असताना केवळ या कामासाठी फ्लटर हे साधन आणि त्याची डार्ट ही भाषा यांच्याकडे वळण्याची घाई मी तरी करणार नाही.

माझ्या मते आधी प्रोग्रेसिव्ह वेब अॅप, म्हणजे नेटवर्क नसतानाही अॅपसारखे चालणारे संकेतस्थळ, करावे. ऐन हंगामात वळवाची सर आली की वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, म्हणून सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टने) पाने साठवा, नोंदी इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये ठेवा आणि जोडणी परतल्यावर त्या सर्व्हरकडे पाठवा. एकच नोंद दोन ठिकाणी बदलली गेल्यास कोणती ग्राह्य धरायची, हे बागायतदारालाच विचारून आधी ठरवा. वजनकाटा किंवा पावतीचा प्रिंटर थेट जोडण्याची गरज निर्माण झाली, तरच डेस्कटॉप आवृत्ती हाती घ्या.